अर्जाआधी ओळख: चाकणच्या एका क्वालिटी इंजिनिअरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न: मी चिंचवडला राहतो. मेकॅनिकलची पदवी घेतल्यापासून सहा वर्षे चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. आता सप्लायर क्वालिटीच्या कामात, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या भागांची गुणवत्ता सांभाळण्याच्या कामात, शक्यतो मोठ्या कंपनीत जायचे आहे. गेले चार महिने लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरून जवळजवळ रोज अर्ज करतो आहे, पण कन्सल्टंटच्या दोन-तीन फोनांपलीकडे काही हाती लागलेले नाही. लिंक्डइनवर दीड हजार लोक जोडलेले आहेत, त्यांतले बहुतेक अनोळखी. समाजमाध्यमांवरून खरोखर नोकरी मिळते का? त्यासाठी रोज पोस्ट लिहाव्या लागतात का? साहेबांना सुगावा लागला तर काय करावे? आणि पैसे भरून लिंक्डइनचे प्रीमियम घ्यावे का?

उत्तर: पुण्यातील उत्पादन कंपन्यांसाठी माणसे शोधण्याचे आणि निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, तेव्हा तुमच्या अर्जाचे पलीकडच्या बाजूला काय होते, तेथूनच सुरुवात करतो. एखाद्या नावाजलेल्या कंपनीची जागा लिंक्डइनवर पडली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच शेकडो अर्ज येऊन पडतात. 'ईझी अप्लाय'च्या बटणाने अर्ज करण्याचे कष्ट जवळपास शून्यावर आणले आणि त्याबरोबर अर्जाचे वजनही तितकेच उतरवले. त्या जागेशी काडीचाही संबंध नसलेले लोक जाता जाता बटण दाबून ठेवतात, आणि त्या ढिगातून कामाचे पाच-सहा जण मिळाले की उरलेला ढीग सहसा कोणी उपसत बसत नाही. तुमचा अर्ज नाकारला गेला असेलच असे नाही. अनेकदा तो उघडलाच गेलेला नसतो. त्यामुळे चार महिन्यांच्या शांततेवरून स्वतःच्या लायकीविषयी काही ठरवून मोकळे होऊ नका.

भरती करणारा माणूस या ढिगाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी करतो. तो स्वतः शोध घेतो, आणि कंपनीतल्या माणसांना 'तुमच्या ओळखीत कोणी आहे का' असे विचारतो. तुमच्या चार महिन्यांच्या मेहनतीचा या दोन्ही गोष्टींशी काहीच संबंध आलेला नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी शोधाचे पाहू. समजा प्लांटमधून मागणी आली: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर हवा, कास्टिंग आणि मशीनिंगची माहिती असलेला, अनुभव पाच ते आठ वर्षे, दोन महिन्यांच्या आत रुजू होणारा. आमचा माणूस शोधखिडकीत 'सप्लायर क्वालिटी' किंवा त्याचेच लघुरूप 'एसक्यूए' असे टाकतो, त्याला 'पीपीएपी' (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्याची प्रक्रिया) आणि 'डाय कास्टिंग' (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवणे) हे शब्द जोडतो, ठिकाण पुणे निवडतो, आणि नोकरी डॉट कॉमवर असेल तर नोटीस पिरियड आणि अलीकडे खाते वापरल्याची मुदत याही चाळण्या लावतो. समोर यादी येते. त्या यादीत प्रत्येकाचा एक छोटा फोटो, नाव, नावाखालची ओळ आणि सध्याची कंपनी एवढेच दिसते, आणि प्रत्येक नावावर नजर काही सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. तुमच्या नावाखाली जर 'सीनिअर इंजिनिअर' एवढेच असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे 'पॅशनेट अँड हार्डवर्किंग प्रोफेशनल' असे असेल, तर तुम्ही त्या यादीत एक तर येणारच नाही, किंवा आलात तरी नजर पुढे सरकेल. पॅशनेट हा शब्द आजवर कोणी शोधखिडकीत टाकलेला माझ्या पाहण्यात नाही.

लिंक्डइन त्या ओळीसाठी २२० अक्षरे देते. ती पुरेशी आहेत. 'क्वालिटी इंजिनिअर, इनकमिंग व सप्लायर क्वालिटी, ॲल्युमिनियम डाय कास्टिंग आणि मशीनिंग, पीपीएपी, एमएसए, ८डी, आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर, पुणे' अशा धर्तीची ओळ इंग्रजीत लिहा (एमएसए म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची तपासणी, ८डी म्हणजे तक्रारीच्या मुळाशी जाण्याची आठ पायऱ्यांची पद्धत, आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक). अर्थात यातले जे तुम्ही खरोखर केले आहे तेवढेच, कारण तुम्ही एमएसएचा 'एम' उच्चारताच तांत्रिक मुलाखत घेणारा माणूस पुढचा प्रश्न विचारतो. खालच्या अनुभवाच्या भागात 'इनकमिंग इन्स्पेक्शन (येणाऱ्या मालाची तपासणी) सांभाळले' असे न लिहिता किती सप्लायर होते, कोणत्या प्रक्रियेचे होते, कोणता दोष वारंवार येत होता आणि तो कशाने कमी झाला, हे लिहा. 'हाउसिंगमधल्या ब्लो-होलच्या (धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांच्या) तक्रारी, सप्लायरसोबत बसून गेट आणि रनरचे (साच्यात धातू जाण्याच्या मार्गांचे) डिझाइन बदलल्यावर निम्म्यावर आल्या' हे एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडते, कारण ते वाचताच प्लांटमधल्या माणसाला कळते की हा सप्लायरच्या शॉपफ्लोअरवर उभा राहिलेला आहे. ग्राहक कंपनीचे नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगमधले आकडे मात्र येऊ देऊ नका.

नोकरी डॉट कॉमबद्दल एकच सांगतो. १९९७ पासून चालत आलेले हे संकेतस्थळ आजही चाकण, भोसरी, रांजणगावच्या भरतीत जोरात वापरले जाते, आणि तिथे ताजी माहिती वर राहते. दर आठवड्याला प्रोफाइल उघडून एखादी खरी दुरुस्ती करून जतन करत जा. नोटीस पिरियड जो असेल तोच टाका. ९० दिवसांचे ३० लिहून मिळवलेला फोन दुसऱ्या मिनिटाला बंद होतो, वर नाव लक्षात राहते ते निराळेच.

आता दुसरी बाजू, म्हणजे ओळखी. या बाबतीत तुम्हाला जो सल्ला सर्वत्र मिळतो, तो बहुतेक आयटीतल्या लोकांनी आयटीतल्या लोकांसाठी दिलेला असतो. त्याच्या मुळाशी एक जुने आणि पक्के संशोधन आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवले की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. बॉस्टनजवळच्या ज्या लोकांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांतील केवळ १६.७ टक्के लोक खबर देणाऱ्याला वारंवार भेटत असत, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचितच भेटत. कारण उघड आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच, नवी बातमी वर्तुळाबाहेरून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांच्या प्रयोगावर आधारलेला अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याने ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली आणि त्यात दोन दुरुस्त्या केल्या. अगदीच पुसट ओळखी फारशा कामाच्या नसतात, मध्यम विरळ ओळखी सर्वांत उपयोगी पडतात, ही पहिली. दुसरी तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे: लांबच्या ओळखींचा हा फायदा संगणकाधारित उद्योगांत दिसतो, पण जे उद्योग तितके डिजिटल नाहीत, त्यांत घट्ट ओळखी जास्त कामाला येतात.

आयटी कंपन्यांचे हिंजवडी आणि कारखान्यांचे चाकण यांतला फरक माझ्याही पाहण्यात असाच आहे. हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअरचा उमेदवार गिटहबवर (कोड सर्वांना पाहता येईल असा ठेवण्याच्या संकेतस्थळावर) काय ठेवतो ते पाहून अनोळखी माणूसही त्याचे नाव पुढे करतो, कारण काम डोळ्यांसमोर असते. क्वालिटीच्या माणसाचे काम असे उघड्यावर मांडता येत नाही. तुमच्या ८डी रिपोर्टवर ग्राहकाचे नाव असते आणि प्लांटच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. तेव्हा तुमच्याबद्दल खात्रीने बोलू शकेल असा माणूस तोच, ज्याने तुम्हाला लाइन थांबलेली असताना पाहिले आहे. म्हणून ते दीड हजार अनोळखी लोक विसरा. त्यांना काढून टाकायची गरज नाही, पण त्यांच्याकडून अपेक्षाही ठेवू नका.

तुमच्या कामाच्या ओळखी या दीड हजारांच्या बाहेर, तुमच्या मोबाइलमध्ये आणि मेलच्या इनबॉक्समध्ये आहेत. सहा वर्षांत तुमची कंपनी सोडून गेलेले सहकारी, ऑडिटला येणारे ग्राहक कंपनीचे इंजिनिअर, सप्लायरकडचे क्वालिटी हेड, गेज आणि सीएमएम (भागांची मापे घेणारे यंत्र) यांच्या कॅलिब्रेशनसाठी येणारे लोक, आयएटीएफच्या प्रशिक्षणाला शेजारी बसलेला माणूस, आणि कॉलेजमधले एक-दोन वर्षे पुढचे-मागचे. एका शनिवारी वही घेऊन बसा आणि नावे लिहा. त्यानंतर लिंक्डइन उघडा आणि यांतला प्रत्येक जण आता कुठे आहे ते शोधा. लिंक्डइन मला सर्वांत उपयोगी वाटते ते या कामासाठी. चार वर्षांपूर्वी तुमच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा आज तळेगावच्या प्लांटमध्ये नेमक्या त्याच विभागात आहे, हे तुम्हाला व्हॉट्सॲपवर कळणार नाही, कारण तिथे तो फक्त सुप्रभात पाठवतो. कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी कंपनी आणि शहर यांप्रमाणे गाळून पाहण्याची सोय असते. पुण्यातल्या कोणत्याही जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या त्या यादीत चाकण-भोसरीच्या बहुतेक मोठ्या कंपन्या सापडतात.

ग्राहक कंपनीतल्या माणसाशी बोलताना एक काळजी घ्या. काही पुरवठा करारांत एकमेकांची माणसे घेऊ नयेत अशी अट असते, आणि तुमच्या नियुक्तिपत्रातही काही लिहिलेले असू शकते. ते आधी वाचून घ्या, म्हणजे समोरच्यालाही अडचणीत टाकले जाणार नाही.

आता संदेशाकडे वळतो, कारण इथे चांगली माणसेही हात आखडतात किंवा भलतेच करून बसतात. मला दर आठवड्याला येणारा नमुना असा असतो: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम लुकिंग फॉर जॉब चेंज, काइंडली रेफर मी, रेझ्युमे अटॅच्ड.' यात समोरच्याला सगळेच काम करायचे आहे: रेझ्युमे उघडायचा, माणूस कोण ते ओळखायचे, कोणत्या जागेला बसेल ते ठरवायचे. तो काहीच करत नाही आणि मनातल्या मनात ओशाळून गप्प बसतो. याउलट तुमच्या जुन्या सहकाऱ्याला असे लिहून पहा: 'नमस्कार दादा, आपण डाय कास्टिंग लाइनवर २०२१ मध्ये एकत्र होतो, लीक टेस्टच्या तक्रारीच्या वेळी. मला आता सप्लायर क्वालिटीत यायचे आहे. तुमच्याकडे त्या टीममध्ये सप्लायरकडे प्रत्यक्ष जाणे किती असते आणि निवड करताना कशावर भर देतात, एवढेच विचारायचे होते. या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर दहा मिनिटे फोन केला तर चालेल का?' यात ओळख पटते, मागणे छोटे आहे, आणि 'हो' म्हणायला काही खर्च नाही. नोकरीचा शब्दही न काढता संभाषण सुरू होते. बोलणे बरे झाले तर दहापैकी सहा-सात वेळा तोच शेवटी म्हणतो, 'रेझ्युमे पाठवून ठेव रे.'

भाषेचे म्हणाल तर ज्याच्याशी शॉपफ्लोअरवर मराठीत बोललात त्याला मराठीतच लिहा. तिथे एकाएकी इंग्रजी आणले की ओळख असून परकेपणा येतो. एचआरला आणि अनोळखी मॅनेजरला मात्र साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत. नव्या माणसाला जोडण्याची विनंती पाठवताना सोबत चिठ्ठी लिहिण्याची सोय मोफत खात्याला दरमहा मोजक्याच वेळा मिळते, तेव्हा ती खऱ्या गरजेच्या माणसांसाठी राखून ठेवा.

आपल्याकडे अनेकांना असे विचारणे म्हणजे वशिला लावणे वाटते, आणि विशेषतः जे घरी 'स्वतःच्या हिमतीवर मिळवा' असे ऐकून मोठे झाले, ते फोन करायला चार आठवडे घालवतात. हा संकोच मला समजतो, पण या ठिकाणी तो गैरलागू आहे. रेफरल, म्हणजे कर्मचाऱ्याने आतून ओळखीच्या माणसाचे नाव सुचवणे, ही बहुतेक मोठ्या खासगी कंपन्यांची ठरलेली, लिखित पद्धत आहे. उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकला तर सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षिसाची रक्कमही मिळते. रेफरलने दार उघडते एवढेच. आत गेल्यावर लेखी चाचणी, तांत्रिक मुलाखत आणि पार्श्वभूमीची पडताळणी इतरांसारखीच होते.

इथे क्रमाचा मुद्दा येतो आणि तुमचे सर्वांत मोठे नुकसान बहुधा इथेच झाले आहे. अनेक कंपन्यांच्या भरती प्रणालीत उमेदवाराची नोंद ज्याच्यामार्फत पहिल्यांदा झाली, त्याचाच हक्क काही महिने धरला जातो. ही मुदत कंपनीगणिक बदलते. तुम्ही स्वतः किंवा एखाद्या कन्सल्टंटने तुमचा रेझ्युमे आधीच टाकलेला असेल, तर त्यानंतर तुमच्या मित्राने आतून नाव घातले तरी प्रणाली 'हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे' असे सांगते आणि रेफरल वाया जाते. म्हणून ज्या आठ-दहा कंपन्यांत तुम्हाला मनापासून जायचे आहे, तिथे बटण दाबण्याआधी आतला माणूस शोधा. कन्सल्टंटलाही स्पष्ट सांगा की कंपनीचे नाव सांगून आणि माझी संमती घेऊनच रेझ्युमे पाठवा. उरलेल्या कंपन्यांसाठी अर्ज करत राहायला हरकत नाही, पण त्यावर दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

रोज पोस्ट लिहाव्या लागतात का, याचे उत्तर: नाही. तुमच्या क्षेत्रात रोज लिहिणारा माणूस काम कधी करतो, अशी शंका येणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. महिन्यातून एखादी नोंद पुष्कळ झाली, आणि तीही प्रेरणादायी सुविचारांची नको. गेज आर अँड आर (मोजमाप पुन्हा पुन्हा सारखेच येते का याची चाचणी) करताना ऑपरेटर बदलला की आकडे का हलतात, सप्लायरकडच्या ऑडिटला जाताना आधी कोणती कागदपत्रे मागवावीत, असे काही लिहिलेत तर मोजके लोक वाचतील, पण ते नेमके तुमच्या कामाचे लोक असतील. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्यांच्या पोस्टखाली विचारपूर्वक टिप्पणी करणे. मात्र लक्षात ठेवा, तुम्ही लिहिलेली टिप्पणी आणि दिलेले लाइक तुमच्या ओळखीच्या लोकांना दिसत राहतात. निवडणुकीच्या दिवसांत लिंक्डइनवर हमरीतुमरीवर आलेला एक चांगला उमेदवार अंतिम यादीतून बाहेर गेल्याचे मी पाहिले आहे. कारण कोणी त्याला सांगितले नाही.

साहेबांच्या भीतीवर उपाय आहे, पण शंभर टक्के नाही. प्रोफाइल बदलायला घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बदलांची सूचना इतरांना जाण्याची सोय बंद करा, नाहीतर एका रात्रीत दहा दुरुस्त्या झाल्याचे सगळ्या विभागाला कळते. 'ओपन टू वर्क'मध्ये दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि ती सर्वांना दिसते; नोकरीत असताना ती लावू नका. दुसऱ्यात फक्त रिक्रूटर लोकांना कळते, आणि तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते. पूर्ण गुप्ततेची हमी मात्र ते स्वतःच देत नाहीत. तुमच्या कंपनीच्या समूहातली दुसरी कंपनी किंवा तुमच्या एचआरचा बाहेरचा कन्सल्टंट यांना ते दिसू शकते. म्हणून 'कंपनीला कंटाळलो' छापाचे काहीही कुठे लिहू नका. साहेबांनी विचारलेच, तर 'प्रोफाइल अद्ययावत ठेवतो' हे खोटे नसलेले उत्तर तयार असावे.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या 'चाकण जॉब्स' छापाच्या गटांविषयीही सांगतो. ऑपरेटर, फिटर, ट्रेनी यांच्या वॉक-इनची खबर तिथे खरोखर मिळते, पण तुमच्या पातळीच्या जागा क्वचितच. महिन्यांपूर्वीचे पोस्टर तारीख खोडून फिरत राहते. तिथली जाहिरात पाहून निघण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का पहा, किंवा कंपनीच्या नोंदणीकृत क्रमांकावर फोन करा. ट्रेनिंग फी, सिक्युरिटी डिपॉझिट, मेडिकलचे पैसे, लॅपटॉपची अनामत, यांपैकी काहीही मागणारा माणूस नोकरी देणारा नव्हे, मग त्याच्या ऑफर लेटरवर कितीही मोठ्या कंपनीचा शिक्का असो. व्हिडिओ लाइक करण्याचे आणि हॉटेलांना रेटिंग देण्याचे पैसे सुरुवातीला देऊन नंतर मोठी रक्कम भरायला लावणारी 'टास्क'ची टोळी नोकरी शोधणाऱ्यांच्याच मागे असते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता बरीच वाढते. रेझ्युमेवर आधार क्रमांक, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता यांची गरज नाही. लग्नाच्या बायोडेटाचा साचा तसाच इकडे वापरणारे अजूनही बरेच भेटतात.

ज्यांनी तुमच्यासाठी शब्द टाकला, त्यांना पुढे काय झाले ते कळवत जा. मुलाखत झाली तरी, नकार आला तरी. नकारानंतर आभाराचा फोन करणारा उमेदवार इतका दुर्मीळ असतो की पुढची जागा निघाली की त्याचे नाव आपोआप आठवते. आणि हातात लेखी ऑफर, त्यावर पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख येईपर्यंत राजीनामा देऊ नका, मग तोंडी कितीही गोड आश्वासन मिळो.

राहता राहिला प्रीमियमचा प्रश्न. आत्ता घेऊ नका. प्रोफाइल नीट झालेली नसताना आणि वहीतल्या नावांना फोन झालेले नसताना त्याने काहीच फरक पडणार नाही. पुढे दोन-तीन कंपन्यांत बोलणी सुरू झाली आणि तिथल्या मॅनेजरला थेट लिहायची गरज वाटली, तर तेव्हा त्यांची फुकट चाचणी मिळते का ते पहा, आणि घेतलीत तर पैसे कापले जाण्याच्या तारखेच्या आधी ती रद्द करण्याची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा.